खांद्यावरचा मंत्री

“उतरव त्यांना! गुणाजी, तिथंच उतरव!”

काठावरून मामलेदार ओरडत होते. त्यांच्या एका हातात तार होती, दुसऱ्या हातात हार होता, त्यामुळे खुणा करायला फक्त मान उरली होती आणि ती ते जिवाच्या आकांताने हलवत होते. समोर मांडीभर चिखलात गुणाजी उभा होता. त्याच्या खांद्यावर मुंबई राज्याचे बंदरमंत्री दिनानाथराव बसले होते. मंत्र्यांचे बूट मंत्र्यांच्याच हातात होते.

उरणच्या खालच्या अंगाला नांदेळी नावाचं हे बंदर. बंदर म्हणजे सरकारी कागदावर बंदर. प्रत्यक्षात ओहोटी लागली की भाऊच्या धक्क्यावरून आलेली लाँच पार लांब थांबायची आणि मधला चिखल उतारूंनी माणसाच्या खांद्यावर बसून पार करायचा. गुणाजीचा बाप हेच काम करायचा, गुणाजीही तेच करी. फरक एवढाच, की स्वराज्य आल्यावर बंदर खात्याने त्याला छातीवर लावायला पितळेचा बिल्ला दिला. ज्याच्या छातीवर बिल्ला त्यालाच मजुरी घेता येई. गुणाजीचं घर त्या बिल्ल्यावर चाले.

इथे धक्का व्हावा असं सरकारला मनापासून वाटत होतं. म्हणून प्रत्येक नवा बंदरमंत्री कोनशिला बसवायला येई, गुणाजीच्या खांद्यावरून काठाला लागे, धक्क्याची गरज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं भाषणात सांगे आणि भरतीच्या लाँचने परत जाई. मग मंत्रिमंडळ बदले. खातं दुसऱ्याकडे जाई. तो पुन्हा कोनशिला घेऊन येई. गुणाजीला मंत्र्यांची आता चांगलीच पारख झाली होती. नवा मंत्री खांद्यावर बसला की घाबरून कान धरतो. मुरलेला मंत्री कपाळ धरतो, ते कपाळ आपल्याच मालकीचं असल्यासारखं.

दिनानाथरावांनी कपाळ धरलं होतं.

“काय म्हणताहेत रे ते?” त्यांनी वरून विचारलं.

“तुमाला उतरवाला सांगतान.”

“इथे? चिखलात? का?”

ते मामलेदारच सांगत होते. उरणहून पट्टेवाला सायकल मारत तार घेऊन आला होता. मंत्रिमंडळाची फेररचना झाली होती. दिनानाथराव गळाले होते. बंदर खातं चांगदेवरावांकडे गेलं होतं. आणि चांगदेवराव, जे सकाळपर्यंत नुसते उपमंत्री होते, ते दिनानाथरावांची सोबत म्हणून त्याच लाँचवर बसले होते. त्यांचा शपथविधी उद्या व्हायचा होता. पण मामलेदारांच्या निष्ठेला शपथविधीची वाट बघावी लागत नसे.

“चांगदेवरावसाहेबांना आधी आण! ह्यांना ठेव खाली!”

काठावरची स्वागताची वाजंत्री थांबली. लाँचवरच्या बाया कठड्याशी लोटल्या. गुणाजीच्या कपाळावरचा हात सैल पडला आणि हळूच कानावर आला.

“मी गळालो?” दिनानाथराव पुटपुटले.

“घाबरू नुको, साहेब. मी धरलाय.” गुणाजीने त्यांचे पाय आणखी घट्ट धरले आणि काठाकडे बघून हाक घातली, “रावसाहेब, मधी उतरवतात ती तिरडी! इसाव्याला! ह्यो जिता मानूस हाय. ह्यो वाळूवरच उतरनार.”

“बिल्ला काढून घेईन!”

या धमकीवर गुणाजी थबकला, हे लपवण्यात अर्थ नाही. पितळेचा असला तरी तो बिल्ला म्हणजे रोजचा तांदूळ होता. तेवढ्यात लाँचवरून त्याच्या बायकोचा, केसरचा, आवाज आला. मुंबईला मासळी विकून रिकाम्या पाट्या घेऊन ती परतत होती.

“अवो! ठेवलाव त्यांना खाली, तर तुमी पन थितंच ऱ्हावा! घरची वाट धरू नुको!”

लाँचवर खसखस पिकली. गुणाजी पुढे चालू लागला, नेहमीच्याच चालीने. चिखलात घाई केली की पाय रुततो, आणि कूर्मगती ही काही फक्त सरकारी मिरास नव्हे.

वाळूवर त्याने दिनानाथरावांना उतरवलं, हाताला धरून उभं केलं, त्यांचे बूट ओळीने ठेवले. हार त्यांच्या जवळून गेला आणि मामलेदारांच्या पाठीमागे जाऊन थांबला. मामलेदारांनी गुणाजीच्या छातीवरचा बिल्ला स्वतः काढला. टाचणी जुनी होती, त्यांच्या बोटाला लागली.

“अहो, मी बोलतो ना,” दिनानाथराव पुढे झाले. आतापर्यंत ते गुणाजीला ‘अरे’ म्हणत होते, ते जमिनीला पाय लागताच ‘अहो’वर आले. “गुणाजीराव, तुम्ही काळजी करू नका. मी शब्द टाकतो.”

“कुनाकडं?”

दिनानाथराव बूट उचलायला वाकले.

“सदा!” मामलेदारांनी दुसऱ्या खांदेकऱ्याला हुकूम सोडला. “तू जा. साहेबांना घेऊन ये.”

सदा जाग्यावरच खाली बसला. “कंबर धरली, रावसाहेब.”

“आत्ता तर उभा होतास!”

“तवाच धरली.”

सदाने सकाळी दोन पोती मीठ उचललं होतं, ते सगळ्या बंदराने पाहिलं होतं. पण कंबर ही ज्याची त्याची खासगी बाब असते.

आता मामलेदारांची पंचाईत झाली. मंत्री लाँचवर, वाजंत्री काठावर, मध्ये चिखल. त्यांनी हातातल्या बिल्ल्याकडे बघितलं. आवाज खाली आणला.

“हे बघ गुणाजी, झालं गेलं विसरून जा. हा घे बिल्ला. साहेबांना आण, म्हणजे मिटलं.”

“आनतो की,” गुणाजी म्हणाला. “पयली शकू, तिच्या कडेवर लेकरू हाय. मंग चंद्राबाई म्हातारी. मंग बाया. मंग साहेब.”

“साहेब आधी!”

“नांदेळीला लेकुरवाळी आधी, रावसाहेब. माज्या बापाच्या वक्तापासून.”

“मग दिनानाथरावांना आधी कसं आणलंस? मंत्री म्हणूनच ना?”

“नाय वो. करंजा बंदरापासनं वांत्या करीत व्हते. आजारी मानूस लेकुरवाळीच्याबी आधी.”

दिनानाथराव हे ऐकून जरा खिन्न झाले. आपला तो अखेरचा मान अशा कारणाने मिळाला होता हे त्यांना कुणी सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

मामलेदारांनी बिल्ला पुढे धरला. “शेवटचं विचारतो. साहेब आधी की नाही?”

गुणाजीने बिल्ल्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, “ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं.”

“बिल्ल्याशिवाय मजुरी घेतलीस तर खटला भरीन.”

“मजुरी कोन घेतो? गावची मानसं हायत, गावच्या मानसानं आनली.”

आणि तो पाण्याकडे वळला.

शकूला आणलं. तिचं पोर गुणाजीच्या डोक्यावर टाळ्या वाजवत आलं आणि वाजंत्रीवाल्यांपैकी ढोलवाल्याला राहवलं नाही, त्याने साथ धरली. मामलेदारांनी त्याला दरडावलं. चंद्राबाईला आणलं, तिने वरून काठावरच्या सगळ्या सरकारला हात जोडून नमस्कार केला, कारण एवढी माणसं आपल्यालाच घ्यायला आली आहेत असा तिचा समज झाला होता. मग एकेक बाई. भावी बंदरमंत्री लाँचच्या कठड्याला टेकून रिकाम्या पाट्यांच्या वासात उभे होते. त्यांच्या सोबतीला केसर मुद्दाम मागे राहिली होती.

“पान खाल का, साहेब?” तिने कनवटीची चंची सोडून विचारलं. “अजून थोडा येळ हाय तुमचा.”

साहेबांनी खाल्लं नाही.

केसरही काठाला लागली. मग गुणाजी परत गेला आणि लाँचखाली पाठ वाकवून उभा राहिला.

“या. आता तुमचा लंबर.”

चांगदेवराव बसले आणि त्यांनी दोन्ही कान धरले. अशा रीतीने एकाच दिवशी एकाच खांद्यावरून एक मंत्रिपद उतरलं आणि दुसरं चढलं. राज्यकारभारात याची नोंद कुठे झाली नाही.

अर्ध्या वाटेवर वरून प्रश्न आला. “मला सर्वांत शेवटी का?”

“धडधाकट हाव म्हून.”

“मी मंत्री झालोय, माहीत आहे ना तुला?”

“हाव की,” गुणाजी म्हणाला. “ते काय दुखनं नाय.”

कानांवरची पकड वाढली.

वाळूवर उतरताच चांगदेवरावांनी खिशातून नाणं काढलं. गुणाजीने हात पाठीमागे नेले. “मना मजुरी घेयाची परवानगी नाय. रावसाहेबांना इचारा.” रावसाहेब तेव्हा हार घालत होते. चांगदेवरावांनी गुणाजीचं नाव विचारून घेतलं. ते त्यांनी ज्या सुरात विचारलं त्यावरून बिल्ला पुन्हा येणार नाही हे चंद्राबाईलासुद्धा कळलं.

कोनशिलेवर दिनानाथरावांचं नाव आधीच कोरलेलं होतं. त्यावर समारंभासाठी आणलेले आणखी दोन हार पसरून टाकले आणि समारंभ पार पडला. नव्या मंत्र्यांनी भाषणात धक्क्याची गरज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं. दिनानाथराव दूर सदाशेजारी वाळूत बसले होते. सदाची कंबर तोवर बरी झाली होती. तो त्यांच्या बुटांतली वाळू झटकून देत होता.

घरी आल्यावर केसरने नवऱ्याची बंडी धुवायला घेतली. उन्हातान्हाने आणि खाऱ्या पाण्याने ती निळी बंडी पार राखेच्या रंगाची झाली होती. फक्त छातीवर, बिल्ला होता तिथे, वाटोळं तेवढं कापड अजून गडद निळं होतं. टाचणीची दोन भोकं त्यात स्पष्ट दिसत होती.

“बरा नाय दिसत,” ती म्हणाली. “थितं खिसा शिवू?”

गुणाजी दाराशी बसून भाताची पेज पीत होता. ताटली तिरकी करून त्याने तळाची शितं गोळा केली.

“नको,” तो म्हणाला. “हाय तशीच घालीन. लोकांना दिसू दे.”

केसरने तो वाटोळा भाग सोडून बाकीची बंडी चोळली आणि पिळून दोरीवर टाकली, छाती बंदराकडे करून.