खळ्यातलं ऊन

उमेर रांगत होता तोवर ठीक होतं. चालायला लागला आणि मरियमच्या जिवाला घोर लागला. अख्ख्या घरात त्याला एकच वस्तू आवडायची, स्वयंपाकघरातला पितळी स्टो. पंप मारला की तो फुरफुरायचा, निळा पेटायचा, आणि मनात आलं की भडकायचा. एकदा मरियम दुधाचं पातेलं उतरवत असताना पोराने पंपाची दांडीच धरली. स्टो डुगडुगला, पडला नाही.

गॅसला नंबर लावून ठेवला होता, तो लागण्याचं नाव नव्हतं. मागच्या पडवीत चूल होती, मधल्या दाराला कडीही होती, पण तिथे भाकऱ्या भाजतानाच डोळ्यांतून पाणी यायचं. सगळा स्वयंपाक कुठला होणार? शेवटी रत्नागिरीच्या एका प्रदर्शनातून तिने सूर्यचूल आणली. पत्र्याची पेटी, वर काचेचं झाकण, झाकणाला आरसा, आत काळे डबे. मरियम विज्ञान शिकलेली. उन्हावर भात शिजतो याबद्दल तिला शंका नव्हती.

कुवेतहून नवऱ्याचा, अद्नानचा, फोन आला तेव्हा तो हसतच सुटला. "मी इथे तेल काढतोय आणि तू घरातलं तेल बंद करतेस? माझ्या नोकरीचा तरी विचार कर."

"तुम्ही तेल काढा. मला स्टो माळ्यावर टाकायचाय."

सासूबाईंनी, म्हणजे अम्मांनी, आपली अट सांगितली. "दुपारचं जेवण एकदा ह्या पेटीत शिजवून दाखव. शिजलं तर स्टो माळ्यावर. नाय शिजलं तर पेटीत मी कोंबडी बसवीन अंड्यांवर."

पण मे महिन्यात नाटे गावात ऊन मोकळं कुठे असतं? घरापुढच्या खळ्यात एका बाजूला अम्मांची कोकमाची सोलं वाळत होती, दुसऱ्या बाजूला कैरीच्या फोडींची आंबोशी, मध्ये खाटेवर जवळा. मरियमच्या वाट्याला आली विहिरीकडची जागा. तिथे ऐन दुपारी फणसाची सावली सरकली आणि तांदूळ टणकच राहिले. अम्मांनी स्टो पेटवला. पंप असा मारला की शेजारपाजारी कळावं.

दुसऱ्या दिवशी मरियमने आंबोशी जरा ढकलून पेटी खळ्यात मांडली.

"माझी आंबोशी कोणी सरकवली गो?"

"मी. हातभरच."

"हातभर? ऊन काय तुझ्या अब्बांनी धाडलंय?" अम्मा कुरकुरल्या, पण आंबोशी परत मागे आणली नाही. कावळे हाकायची काठी घेऊन त्या ओटीवर बसून राहिल्या.

आता सावली नव्हती. तरी खिचडी होईना, कारण मरियम दर थोड्या वेळाने येऊन झाकण उघडत होती.

"किती वेळा उघडशील?"

"शिजलं का बघते."

"मघाशी बघितलंस ना?"

"मघाशी शिजलं नव्हतं."

झाकण उघडू नये, आतली ऊब जाते, हे पेटीबरोबरच्या कागदावर छापलेलं होतं. मरियमने ते वाचलंही होतं. पण झोपलेल्या पोराच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघणारी ती बाई, तिच्याने बंद पेटीवर भरवसा ठेवून बसवेना. दुपार झाली, डाळ दाताखाली कचकचली, उमेर भुकेने रडायला लागला. अम्मांनी पुन्हा स्टो पेटवला. तो फुरफुरला मात्र, रडणारं पोर एकदम गप्प झालं आणि हात पसरून त्याच्याकडे धावलं. मरियमने त्याला मध्येच उचललं. स्टो विझेपर्यंत तिने त्याला खाली सोडलं नाही. अम्मा ते बघत होत्या.

तिसऱ्या दिवशी अम्मांनी सोलं गोळा करून सुपात भरली आणि खळ्यातली सगळ्यात उन्हाची जागा मोकळी केली. पेटी तिथे ठेवली, स्वतः डोक्यावर पदर घेऊन शेजारी स्टूल टाकलं, उमेरला मांडीवर बसवलं.

"आता तू इथे यायचं नाय."

मरियम तरी आली. अम्मांनी काठी जमिनीवर आपटली. "हाः!"

"अम्मा, मी काय कावळा आहे?"

"कावळा परवडला. तो हाकलला की तासभर येत नाय."

मरियम दाराआडून बघत राहिली. ऊन सरकलं तशी अम्मांनी पेटी आपणहून वळवली, आरशाची तिरीप काचेवर पाडली. झाकणाला हात लावला नाही. दुपारच्या नमाजाची, जोहरची अजान झाली तेव्हा हाक आली, "ये आता."

झाकण उघडलं तशी वाफेचा भपका आला. अम्मांनी एक शीत चिमटीत दाबलं, तोंडात टाकलं. "मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या आणि दुसरा घास उमेरच्या तोंडात घातला. त्याने आणखी मागितला.

जेवणं झाल्यावर अम्मांनीच स्टोमधलं रॉकेल डब्यात ओतलं आणि स्टो मरियमच्या हातात दिला. ती शिडीवर चढली.

"संध्याकाळचा चहा?" वरून तिने विचारलं.

"मागच्या चुलीवर. धूर मी खाईन."

"आणि पावसात? पावसात ऊन नसेल, अम्मा."

"पावसात बघू. तोवर हा शहाणा होईल," अम्मांनी उमेरचं तोंड पुसलं. "नायतर तू होशील."