उगवलेलं मिरं

चंद्रभाननं मातीचं गाडगं दुकानाच्या ओट्यावर असं आदळलं की तराजूची पारडी हलली.

"उगोलं! नत्थुजी, मिरं उगोलं!"

नत्थुजी वाणी हळद तोलत होते. ती तशीच पारड्यात सोडून ते गाडग्यावर वाकले. ओल्या काळ्या मातीत बोटभर उंचीची सहा रोपं उभी होती, हिरवीगार, तरतरीत.

महिन्यापूर्वी हाच चंद्रभान पातूरहून अकोल्याला येऊन पाच शेर मिरं घेऊन गेला होता. कशाला? तर पेरायला! सातासमुद्रापार कुठं लढाई जुंपली होती, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या. मुंबईच्या होड्यासुद्धा कापूस वाहायला लागल्या, मग मलबारचं मिरं आणायचं कुणी? शेराला सहा आणे होते, ते चौदा झाले. चंद्रभानचा हिशेब सरळ होता. कापसाला भाव आला तेव्हा कापूस पेरला, आता मिऱ्याला आला तर मिरं पेरू. उन्हात वाळवलेलं मिरं उगवत नाही हे नत्थुजींना ठाऊक होतं. पण गिऱ्हाइकाला शहाणं करणं हा काही वाण्याचा धंदा नव्हे. मिशीतल्या मिशीत हसून त्यांनी पाच शेर तोलून दिले होते.

बघता बघता ओट्यासमोर पन्नास माणसं जमली. समोर फळांची पाटी घेऊन बसणारी हलीमाबी उठून आली, गाडग्यात डोकावली.

"ये तो पपई का पौधा दिखता, भाई."

"गप वो हलीमाबी! तुनं मिऱ्याचा येल पायला का कधी?" चंद्रभान खेकसला.

सगळे हसले. तसा तो वेल अकोल्यापासून अमरावतीपर्यंत कुणीच पाहिला नव्हता.

नत्थुजी मात्र हसले नाहीत. हलीमाबीकडूनच त्यांच्या घरी पपया यायच्या. बिया राखेत चोळून त्यांची बायको माणिकबाई माळवदावर वाळत घालायची. सुकल्या की त्या काळ्या, सुरकुतलेल्या, हुबेहूब मिऱ्यासारख्या दिसत. मिऱ्यानं दहा आणे ओलांडले तेव्हापासून नत्थुजी शेराला मूठभर बी मिसळत होते. खरं मिरं विहिरीचं पाणी पिऊन चंद्रभानच्या वावरात कुजून गेलं होतं. उगवली होती ती भेसळ.

गर्दीतून वाट काढत खुशालराव पुढे आले. अमरावतीकडचे मोठे जमीनदार, सरकीचं बियाणं न्यायला आले होते.

"किती मिरं हाय तुमच्यापाशी?"

"तीन पोते."

"दीड रुपया शेर. सगळे माहे."

"सगळे कसे? मले दोन मण पाह्यजेत! पावणेदोन!" गर्दीतून कुणी ओरडलं.

"दोन रुपये!"

अरे बापरे, काय तो गलका! हळदीचं गिऱ्हाईक हळद विसरून मिऱ्याची बोली करू लागलं. दोन रुपये! तीन पोत्यांत अमरावतीच्या पेठेत दुकान उभं राहिलं असतं. त्यांना ते दुकान दिसूसुद्धा लागलं. त्यांचा हात पोत्याच्या तोंडाशी बांधलेल्या सुतळीकडे गेला.

"चाळीस एकर मिरं लावतो," खुशालराव मोठ्यानं म्हणाले. "औंदा सरकीले हातच लावत नाई."

"आमी बी!" मागून दहा आवाज उठले.

नत्थुजींचा हात सुतळीवरच राहिला. पाऊस पडून जमिनीला पेरणीजोगता वापसा आला होता, पेरणीचे चारच दिवस हातात होते. हे लोक आता मिरं पेरून बसले की त्यांचा हंगाम गेलाच. वर्षभर ही माणसं काय खातील?

"विकायचं नाई," ते म्हणाले.

"अडीच रुपये!"

"नाई म्हनलं ना!"

"तीन!"

"ऐका रे बावाहो!" नत्थुजी ओट्यावर उभे राहिले. "हलीमाबी खरं बोलली. पपई हाय ते. मिऱ्यात बी म्या मिसळलं. माह्या हातानं."

मग खुशालरावांनी मांडीवर थाप मारली.

"पाहा वाणी कसा बिलंदर हाय! भर बजारात कोणता वाणी सोताले चोर म्हंते? बियाणं सोतासाठी दाबून राहिला! साडेतीन!"

नत्थुजींनी तपेलंभर पाणी आणवलं आणि मूठभर मिरं त्यात टाकलं. बहुतेक दाणे तळाशी गेले. थोडे वर तरंगत राहिले.

"बुडालं ते मिरं. तरंगते ते पपईचं बी. पाहा डोळ्यानं."

"मंग तरंगते तेच उगोते!" चंद्रभान ओरडला. "मले तरंगतं बियाणं द्या!"

"तरंगत्याले चार रुपये!"

नत्थुजींनी कपाळावर हात मारून घेतला. आता देवानं येऊन सांगितलं असतं तरी या लोकांनी देवालाच भाव विचारला असता! ते तरातरा आत गेले, माणिकबाईंना हाक मारली, आणि दोघांनी मिळून जातं ओढत ओट्यावर आणलं.

"अवो, काय करून राहिले?"

"पीठ कोणी पेरत नाई," नत्थुजी म्हणाले आणि पोत्याची सुतळी तोडली.

जातं घरघरू लागलं. पांढुरकी काळी पूड भोवती पडू लागली, आणि वाऱ्याबरोबर पहिली शिंक हलीमाबीला आली. मग सगळ्या गर्दीत शिंकांचा नुसता कडकडाट.

"पाच रुपये!" खुशालराव नाकाला उपरणं लावून ओरडले. "थांबा! पाच रु... आंछी!"

नत्थुजींनी मान वर केली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी बाहीनं पुसलं आणि पुढची मूठ जात्यात घातली.

चंद्रभान टक लावून पाहत होता. त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"खुशालराव," तो म्हणाला, "पाच रुपयांचा माल वाणी दळून राहिला. हा खोटं नाई बोलून राहिला." मग एकदम त्याचा आवाज चिरकला. "माह्यं दीड एकर गेलं, नत्थुजी!"

"वापसा हाय अजून. सरकी घे आन् आत्ताच नीघ."

चंद्रभान गाडगं तिथंच टाकून पळाला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा, आणि मग सगळी गर्दीच सरकीच्या दुकानाकडे धावली. थोड्या वेळानं पलीकडच्या गल्लीतून सरकीच्या बोल्या ऐकू येऊ लागल्या. खुशालरावांचा आवाज सगळ्यांत वर होता. पहिलं पोतं संपलं तेव्हा उन्हं कलली होती.

"गेले सगळे," माणिकबाई म्हणाल्या. "थांबा आता. दोन पोते हायेत अजून. मी निवडून देते, चांगलं मिरं इकू."

"आन् उद्या कोणी पाच रुपये म्हनले त?"

"नाई म्हना. आज म्हनलं तसंच."

"आज म्हनलं." नत्थुजींनी दुसऱ्या पोत्याची सुतळी तोडली. "उद्या म्हनन का नाई, मले माहाच भरवसा नाई."

माणिकबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पदर नाकावर घट्ट बांधून त्या समोर बसल्या आणि जात्याच्या खुंट्याला त्यांनीही हात घातला.

"शिंक आली तरी हात थांबवू नका," त्या म्हणाल्या.