पाखरांच्या घराची फीत

बहरीनच्या आमच्या मराठी मंडळाला उद्घाटनाची खाज आहे. काम झालं नाही तरी चालेल, फीत मात्र कापलीच पाहिजे.

अध्यक्ष रावजी दळवी मुलाकडे अमेरिकेला गेले आणि येताना पाखरांचं पत्र्याचं घर घेऊन आले. पांढरंशुभ्र, बारा खोल्यांचं. परपल मार्टिन नावाचा तिकडचा पक्षी म्हणे त्यात राहतो. तो इकडे वाळवंटात कशाला तडमडेल, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. अरादच्या बागेत खांब रोवला, नारळ फोडला, फोटो काढले आणि सगळे बिर्याणीवर तुटून पडले. मग तिकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. खोल्यांत धूळ साचली, गांधीलमाश्या घुसल्या, घर वरखाली करायची दोरी कुजली.

शेवटी मी आणि शेजारच्या खदिजानं ते साफ केलं, नवी दोरी ओवली. थोड्याच दिवसांत चिमण्या आल्या. आधी काड्या, मग अंडी, मग पिल्लांचा कलकलाट.

"माहेरी बाळंतपणाला आल्यागत आल्यात बघ, विशाखा," खदिजा म्हणाली.

माझा नवरा संतोष मंडळाचा चिटणीस. त्यानं हे कौतुकानं मीटिंगमध्ये सांगितलं आणि घात झाला. घर आपलं असल्याचं रावजींना एकदम आठवलं. "आज चिमण्या आल्या, उद्या मार्टिनही येणार, इंशाल्ला!" म्हणाले, आणि पुनरुद्घाटन ठरलं.

शुक्रवारी सकाळी मी बागेत पोचले, तर घर छातीएवढं खाली उतरवलेलं आणि भोवती लाल सॅटिनची रुंद फीत करकचून गुंडाळलेली. सगळी दारं बंद. एप्रिलचं ऊन, त्यात पत्रा. आत पिल्लं ओरडत होती आणि चोचीत अळी धरलेली चिमणी फितीवर धडका देत होती.

"रावजी, फीत काढा. पिल्लं मरतील."

"वहिनी, पाव्हण्यांच्या आधी फीत सोडली तर अपशकुन होतो."

पाव्हणे मोटारींच्या शोरूमचे मालक. जनाबियाहून निघालेत, असा फोन आला होता. म्हणजे अजून आंघोळ व्हायची होती. आपली माणसं मी ओळखत नाही का? खुर्च्यांवर बसून मंडळी सरबत पीत राहिली. पिल्लांचा आवाज बारीक होत गेला.

संतोष तबक धरून उभा होता. त्यात कुंकू, गुलाब, कात्री.

"कात्री दे."

"अगं, पाच मिनिटं थांब. माझ्या पदाचा प्रश्न आहे."

पद! या माणसाचे डबे मी इतकी वर्षं भरले, याची मला लाज वाटली. कात्री हिसकावली आणि फीत कापली.

लगेच टाळ्या पडल्या. फीत तुटली की टाळी, कोण कापतंय ते कोण बघतो!

चिमणी आत गेली. अळी तशीच चोचीत घेऊन बाहेर आली. मी हात घातला. पिल्लू गरम होतं, पण मान लोंबत होती.

तेवढ्यात पाव्हणे आले. रावजी धावले. मी पिल्लू तबकात गुलाबाशेजारी ठेवलं.

"वहिनी, हे काय!" रावजी ओरडले.

"पाव्हण्यांचा सत्कार करा. यल्ला, चला लवकर."

 संतोषनं तबक खाली ठेवलं नाही. सवयीनं कमरेत वाकला आणि पाव्हण्यांपुढे धरलं.