बेटावरचे जेलर

नरहर सावदेकरांची सारी नोकरी उमरखेडच्या तहसील कचेरीत झाली. कोणाच्याही पणजोबाचा कागद मागा, चहा गार व्हायच्या आत काढून देत. फक्त एका कपाटाकडे ते कधी फिरकले नाहीत. स्वतःच्या आजोबांचं नाव त्यात निघेल अशी त्यांना भीती होती. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी साऱ्या कचेरीचा हात हातात घेऊन निरोप घेतला, त्या कपाटाचा मात्र दुरूनच.

भीती आईनं दिलेली. आई या घरात आली तेव्हा सासूसासरे कधीच वारले होते. जुन्या गावच्या एका म्हातारीनं तिला सांगितलं, की तुझा सासरा यादवराव टेकडीवरचा जेलर. लय कडक माणूस. एकदा एक बाई त्याच्या दारात येऊन रडली, ‘माझ्या गंगीले सोडा हो, तिचं लेकरू दुधासाठी रडून राह्यलं.’ यादवरावानं सोडलं नाही. बाई बोटं मोडत गेली. आईनं ही गोष्ट नरहररावांना एकदाच सांगितली, दार लावून. नरहररावांनी ती कोणालाच सांगितली नाही. दर सर्वपित्रीला मात्र सगळ्यांची नावं घेऊन झाली की ते एक ओंजळ जास्तीची सोडत आणि ओठांत ‘गंगी’ म्हणत.

त्यांची बायको शुभदा. तिनं ते ओठ वाचले होते. लग्नाआधी ही गंगी कोण होती, हे तिनं कधी विचारलं नाही. विचारून संपवण्यापेक्षा मनात जमा ठेवणं तिला बरं वाटे. भांडणात कधीतरी उपयोगी पडलं असतं.

टेकडीभोवती नंतर धरणाचं पाणी आलं आणि टेकडीचं बेट झालं. वर काय उरलंय, हे पाहायला कोणी जात नसे. मग शेजारचा पियूष, ज्याला नोकरी लागेपर्यंत व्हिडिओ करायचे होते आणि व्हिडिओ चालेपर्यंत नोकरी नको होती, त्यानं काठावरूनच एक व्हिडिओ टाकला. ‘पाण्यातला काळा तुरुंग.’ लोकांनी तो एकमेकांना पाठवला. खाली कोणीतरी लिहिलं, इंग्रजांच्या काळातला जेलर कोण होता ते काढ. पियूषनं लिहिलं, पुढच्या वेळी बेटावरून, जेलरच्या नावासकट.

दुसऱ्याच दिवशी नरहरराव त्याच्या दारात उभे.

“मीही येतो. माझा जरा अभ्यास आहे त्या भागाचा.”

“काका, तुमाले टाकी भरली का पाह्याले गच्चीवर जाता येत नाही,” पियूष म्हणाला.

“म्हणूनच मी पण येते आहे,” मागून शुभदा म्हणाली.

बेटावर न्यायला होडी मिळाली ती ढाणकीच्या अय्याजची. तो मोटारी दुरुस्त करायचा. नावेला त्यानं शेतातल्या पंपाचं इंजन बसवलं होतं, त्यामुळं नाव चालू असली की कोणाला काही ऐकू येत नसे आणि बंद पडली की सगळे एकदम बोलू लागत.

“काका, घट्ट काहून धरून बसले? नाव पळून नाही जात,” तो म्हणाला.

नरहरराव बसले होते जेलरच्या नातवासारखे. म्हणजे पाण्याकडं न पाहता.

बेटाच्या काठावर बेशरमाची झाडी माजली होती. तिच्या मागं घाणेरी, वेड्या बाभळी, आणि अय्याजनं वेळेवर ओळखली म्हणून चुकलेली खाजकुयली. तो पुढं कोयत्यानं वाट काढत होता, पियूष मोबाइल उंच धरून त्याच्या मागं, आणि हळू आवाजात बोलत होता, जणू कैदी अजून झोपलेले आहेत. वर पोचल्यावर झाडोरा फाटला आणि भिंती दिसल्या. काळा दगड, माणसापेक्षा उंच, छप्पर नाही. एका भिंतीतून वडाची मुळं आत शिरली होती. कोपऱ्यात एकच खोली, तिच्या खिडकीला गज.

“मित्रांनो,” पियूष मोबाइलला म्हणाला, “हे पाहा, भिंतीत लोखंडी कड्या. इथं क्रांतिकारकांना साखळदंडानं बांधत होते.”

कड्या खरंच होत्या. ओळीनं, गंजून लाल झालेल्या. नरहरराव दगडाला हात टेकून उभे राहिले. आता हा पोरगा नाव शोधेल, आता सगळं गाव आपल्या दाराकडं बघत जाईल, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

शुभदा कड्यांपाशी वाकली. वाकली म्हणजे चांगलीच वाकली.

“पियूष, या तर गुडघ्याला लागून राह्यल्या. क्रांतिकारक रांगत होते का?”

“बसवून बांधत असतील, काकू.”

“असतील. अन् हे काय?” भिंतीच्या कडेनं लांबट दगडी खोलगट बांधकाम होतं. तिनं त्यातला पाला बाजूला सारला. “माझ्या माहेरी बाभुळगावले गोठ्यात अशीच गव्हाण होती.”

“कैद्यायले कडबा देत होते वाटते,” अय्याज म्हणाला.

पियूषनं मोबाइल खाली घेतला. अय्याज आता स्वतःच फिरून पाहू लागला होता. पाण्याचा हौद. गाडी जाईल एवढं रुंद दार. फरशीला उतार आणि उताराच्या टोकाला मोरी. भिंतीचा दगड कमरेच्या उंचीला घासून घासून आरशासारखा झाला होता. शुभदानं त्यावरून तळवा फिरवला.

“ढोरायनं अंग घासलं इथं.”

“मंग हा कोंडवाडा हाय, काकू. लोकायच्या शेतात घुसलेले ढोरं आणून कोंडायचे. दंड भरल्याशिवाय सोडायचे नाही.”

मग नरहररावांनी विचारलं, आणि आवाज त्यांचा स्वतःचा वाटत नव्हता.

“शुभदा, गायीचं नाव गंगी असू शकतं?”

तिनं मान वळवली. हे नाव तिनं त्यांच्या तोंडून मोठ्यानं पहिल्यांदाच ऐकलं.

“गायीचं तर हमखास असते. मले हे कधी सुचलंच नाही,” ती म्हणाली, आणि हे बोलताना आपल्याही छातीवरचं काहीतरी हललं असं तिला जाणवलं. “कोणती गंगी?”

ते गव्हाणीच्या काठावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. म्हातारी, आजोबा, दुधासाठी रडणारं लेकरू. लेकरू म्हणजे वासरू, हे सांगता सांगता त्यांचं त्यांनाच कळलं. मधेच हसू फुटलं आणि ते थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढावा लागला.

“म्हणजे इतकी वर्षं तुम्ही गायीला पाणी दिलं,” शुभदा म्हणाली.

“हो.”

“मले वाटलं, कोणी दुसरीच आहे.”

“दुसरी?” नरहरराव दचकले. मग बायकोनं आपल्याबद्दल एवढी मोठी कल्पना बाळगली होती, याचं त्यांना थोडं बरंही वाटलं.

“एकदा विचारायचं होतं.”

“तुम्ही सांगायचं होतं.”

अय्याज ओठ दाबून झाडांकडं पाहत होता. नवराबायकोच्या जुन्या हिशेबात मधे पडणाऱ्याचीच चूक निघते, हे त्याला ठाऊक होतं. पियूष मात्र एका दगडावर पडल्यासारखा बसला.

“झालं. कोंडवाड्याचा व्हिडिओ कोण पाह्यते, काका? अन् लोकायले जेलरचं नाव सांगतो म्हणलं मी.”

“मग सांग ना,” नरहरराव उठले. सदऱ्याला लागलेला पाला त्यांनी झटकला, कचेरीत साहेबांपुढं जाताना करत तसा. “लाव तो मोबाइल.”

“तुमी बोलता?”

“मी नाही तर कोण?”

ते दाराच्या मधोमध उभे राहिले. पियूषनं मोबाइल धरला.

“मी नरहर सावदेकर. ही जागा कोंडवाडा आहे. यादव रामचंद्र सावदेकर इथला कारभार पाहायचे. गाव त्यांना गमतीनं जेलर म्हणायचं. ते माझे आजोबा.”

“काका, वाऱ्यानं आवाज गेला,” पियूष म्हणाला. “परत घ्यावं लागते.”

नरहररावांची काहीच हरकत नव्हती. त्यांनी गळा साफ केला आणि सगळं पुन्हा म्हटलं, आजोबांचं पूर्ण नाव पहिल्यापेक्षा मोठ्यानं. या खेपेला शेवटी, कोणी न विचारता, एक वाक्य वाढवलं.

“आणि ते फार कडक होते. दंड भरल्याशिवाय एक गाय सुटली नाही.”