सुगंधाची शाई

"हात दाखय गो आनंदी!"

सुगंधानं विहिरीच्या काठावरच धाकट्या जावेचं मनगट धरलं. कळशी कलंडली, पाणी दोघींच्या पायांवर गेलं. आनंदीच्या उजव्या हाताची तीन बोटं लालभडक होती.

"घोव जावन चार वर्सां झाली, आणि बोटाक पिंजर?"

विधवेच्या बोटाला कुंकू म्हटल्यावर धुणं कोण धुतंय! विहिरीवरच्या सगळ्या बायका बघत राहिल्या.

"पिंजर न्हय वयनी. रंग तो."

"कसलो रंग?"

आनंदीनं मनगट सोडवून घेतलं. एरवी ती रॉकेलनं बोटं घासल्याशिवाय बाहेर पडत नसे. आज नेमकी बाटली रिकामी आणि घरात पाण्याचा थेंब नाही.

खरं सांगितलं तर आळ जाणार होता, पण कामही जाणार होतं. तिचा नवरा गंगाराम मालवणच्या बाजारात कचेऱ्यांचे रबरी शिक्के कापायचा. तो गेला, त्याची पाती आणि फणसाच्या लाकडाचे ठोकळे उरले. आनंदीनं जुन्या चपलांच्या रबरात सूर्य कोरला, गलबत कोरलं, सुगडं कोरली. भाई पुस्तकवाल्याच्या दुकानात तिची संक्रांतीची कार्डं हातोहात खपत. तिळगुळाचे चार दाणे घालून बायका ती मुंबईला नवऱ्यांना धाडत. कार्डं कुणाच्या हातची, हे एकट्या भाईला ठाऊक होतं. विधवेच्या हातचं सवाष्णींनी थोडंच घेतलं असतं?

घरी सासू काशीबाई ओटीवर तीळ निवडत होत्या. सुगंधानं मीठमसाला लावून सगळं सांगितलं.

"देवळात नारळार हात ठेवतलंस?" काशीबाईंनी आनंदीला विचारलं.

"ठेवतलंय."

पण शपथ घेताना बोटं कशानं लाल, हे देवासमोरही सांगावं लागणारच. आनंदी आत गेली, बिस्किटांचा डबा घेऊन आली आणि कोऱ्या कागदावर तिनं त्यातला एक शिक्का उमटवला. लाल सूर्य.

सुगंधाचा चेहरा उतरला. तोच सूर्य फळीवरच्या कार्डावर होता. कालच तिनं ते भाईकडून नवऱ्यासाठी आणलं होतं.

"चार वर्सां तुझ्या हातचां माझ्या घोवाक धाडलंय मी?"

"होय. आणि भावोजी बरे आसत."

सुगंधानं कार्ड उचललं आणि चुलीत घातलं.

"आता माझ्या भिकाजीक काय धाडतलंस?" काशीबाई म्हणाल्या. "टपाल चार वाजता जाता."

"भाईकडसून दुसरां आणतंय."

"तींय माझीच," आनंदी म्हणाली.

काशीबाई वीस वर्षं विधवा होत्या. त्यांनी तिळाचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "सुगंधा मारूंदे शिक्को. आणि आजपासून कार्डां सुगंधा करता. तिची शाई सांडली ती आनंदीन पुसली, असां सांगा बायकांका. आनंदी, तू माजघरात बसान काय ता कर."

अब्रू वाचली, कामही वाचलं. तरी आनंदीला वाटलं, सगळे ठोकळे खाडीत भिरकावून द्यावेत. ते गंगारामचे होते म्हणून भिरकाववेनात. तिनं शिक्का जावेपुढे धरला.

"हलक्या हातान, वयनी. भार घालू नकात."

सुगंधानं भार घातलाच. सूर्य फिसकटला. दुसराही फिसकटला. तिसरा कसाबसा जमला.

दुसऱ्या दिवशी आनंदीनं काथ्यानं बोटं सालटी निघेपर्यंत घासली आणि मगच कळशी उचलली. विहिरीवर सुगंधा आधीच पोचली होती. तिची बोटं लाल होती आणि ती लपवत नव्हती.

"काय गो तुझ्या हातात कला!" शेजारची शेवंती तिला म्हणत होती. "माकाय एक कर."

सुगंधानं आनंदीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "करतंय," ती म्हणाली.

मग शेवंतीनं आनंदीचे हात निरखून पाहिले. ते स्वच्छ होते.