मगरीचे कान

मुलुंडच्या नव्या बागेसाठी सिमेंटचा एक हत्ती आणि एक मगर हवी, असं ठरलं. ते काम आपल्याकडे आलं याचं सहदेवला काही नवल वाटलं नाही. वीस वर्षं तो गणपती घडवत होता. हत्तीचं डोकं त्याला तोंडपाठ होतं. माणसांच्या डोक्यांच्या वाटेला तो फारसा गेला नव्हता. बागांचे साहेब भाऊराव यांनी मात्र अट घातली होती की दोन्ही प्राणी अस्सल दिसले पाहिजेत. पसंत पडले तर पुढच्या चार बागा सहदेवला, नाहीतर कुर्ल्याच्या एका कारागिराला. तो जिराफसुद्धा करतो, अशी बातमी होती.

हत्ती आठ दिवसांत उभा राहिला. टांग्याचा एक घोडा त्याला बघून थबकला, एवढं प्रशस्तिपत्र सहदेवला पुरलं.

मगर त्याने पाहिली होती ती फक्त गंगेच्या तसबिरीत, देवीच्या पायाखाली. त्यावरून शाडूचा नमुना करून त्याने तो पवईच्या ग्रेगरीला दाखवला. ग्रेगरी तिथल्या तलावात गळ टाकायला येणाऱ्या हौशी लोकांना होडीतून फिरवायचा. त्याने नमुना उलटसुलट न्याहाळला.

“कान कशाला रे हिला?”

“मग मेल्या, ऐकणार कशाने?”

“ऐकते ती. दाखवत नाही.”

कान सवयीने लागले होते, हे सहदेवने काही कबूल केलं नाही. तेव्हा ग्रेगरीने त्याला दुसऱ्या दिवशी सकाळीच होडीत घातलं. दोन तास सहदेव पाण्यातल्या एका ओंडक्यासमोर बसून राहिला. शेवटी कंटाळून त्याने विचारलं, मगर यायची कधी?

“तू दोन तास कोणाकडे बघतोयस?” ग्रेगरी म्हणाला.

ओंडक्याने एक डोळा मिटला आणि पाणी न हलवता तो खाली गेला.

घरी पोचेपर्यंत सहदेव एकच विचार करत होता. हत्ती आला की अख्ख्या गावाला कळतं. मगर आली की एकालाच कळतं, आणि तो सांगायला उरत नाही. घरी आल्याबरोबर त्याने नमुन्याचे कान उपटले.

पाहणीच्या दिवशी भाऊरावांनी हत्तीची सोंड थोपटली, पोटाखालून वाकून पाहिलं आणि मान डोलावली. मग बागेला दोन फेऱ्या मारल्या. दमून ते हौदाकाठच्या गवतातल्या खडबडीत दगडावर टेकले आणि कागद काढून शेरा लिहायला लागले: ‘मगर जागेवर नाही.’

सहदेवने त्यांना वाक्य पुरं करू दिलं.

“साहेब,” तो अदबीने म्हणाला, “जिच्यावर बसलात, ती कोण?”

भाऊरावांनी खाली पाहिलं. त्यांच्या उजव्या बुटापुढे मातीतून दोन डोळे वर आले होते, आणि हातभर पुढे दोन नाकपुड्या. बुडाखालचा दगड म्हणजे तिची पाठ. बाकीची मगर जमिनीत होती, म्हणजे सहदेवने ती केलीच नव्हती.

साहेब पुढच्या क्षणी हत्तीच्या पोटाखाली होते. बूट मगरीपाशी राहिला. तिथूनच त्यांनी ‘नाही’ खोडून ‘आहे’ केलं. शेरा पसंतीचा झाला.

पुढच्या बागेत जिराफ हवा होता. सहदेवने ग्रेगरीला निरोप धाडला, जिराफ कुठल्या तलावात असतो ते बघून ठेव.