अठरा नंबरचं टोकन

मित्रांनो, मी एक जुनं पितळी टोकन आहे. भाईंदरच्या एका बँकेत माझी नोकरी होती. पैसे काढायला आलेल्या माणसाच्या हाती मला द्यायचे. नंबर पुकारला, की मला खिडकीत परत करून त्याने पैसे न्यायचे. इतके हात लागले, की अंगावरचा अठराचा आकडा गुळगुळीत झाला. पण कोणी मला घरी नेलं नाही. लोकांचं लक्ष माझ्यामागून येणाऱ्या नोटांकडे असायचं.

जेसल पार्कातले उत्तमराव आणि मनोरमाबाई हे जोडपं बँकेच्या बाकावर बसून बसून माझ्या ओळखीचं झालं. अठ्ठ्याऐंशी साली त्यांचा निहार शिकायला अमेरिकेला गेला. तिकडच्या कॉलेजला दाखवायला त्याच्या नावावर मोठी ठेव इथे अडकवावी लागली. शिक्षण संपलं, की ती परत मिळणार होती. आईवडिलांचंही नाव घाला, असं मॅनेजर सुचवत होते. मनोरमाबाई नको म्हणाल्या. एकट्या निहारचंच नाव. उत्तमरावांचा जन्म सरकारी कचेरीत गेलेला. त्यांना हा शुद्ध अडाणीपणा वाटला. पण मुलाच्या निघण्याच्या गडबडीत ते गप्प बसले.

शिक्षण संपलं. निहारला तिथेच नोकरी लागली. पुढच्या दिवाळीला येतो, म्हणाला. दिवाळ्या नेमाने येत राहिल्या. उत्तमराव बँकेत विचारायला येत आणि ज्याची ठेव त्याचीच सही लागेल, हे ऐकून परत जात. मागे उभ्या मनोरमाबाई तेच उत्तर शुभवार्ता ऐकावी तसं ऐकत.

शहाण्णव साली निहारने कुरिअरने रीतसर कागद पाठवला. ठेव वडिलांना द्यावी, आणि खाली झोकदार सही. मॅनेजरनी चहा मागवला. मला मनोरमाबाईंच्या हाती दिलं.

"अठरा. अठरा नंबर किधर है?" कॅशियर हरिश्चंद्र यांनी पुकारलं.

बाईंची मूठ घट्ट झाली. हरिश्चंद्रनी पुन्हा पुकारलं.

"अगं, दे ना ते," उत्तमराव म्हणाले.

"सही करायला तरी येईल, म्हणून एकट्याचं नाव घातलं होतं मी," बाई हळूच म्हणाल्या. "हे पैसे घेतले, की त्याचं इथे काय काम उरलं?"

उत्तमराव बाकावरून उठले. मग ऑफिसातली पेन्सिलही कधी घरी न आणलेला तो माणूस खिडकीशी जाऊन म्हणाला, "टोकन हरवलंय."

हरिश्चंद्रनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाईंच्या मुठीकडे. "सावकाश शोधा काका. मिळेपर्यंत पैसे कुठे जात नाहीत."

आता बँकेत कॉम्प्युटर आलाय. माझी भावंडं मोडीत गेली म्हणे. माझा मुक्काम देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेशेजारी. बाई मला चिंचेने इतकं घासतात, की आकडा जवळजवळ गेलाच. फोन वाजला, की उत्तमराव, बाई आणि मी, तिघंही तिकडे बघतो.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू काम झालं की परत करावी, हे मला मान्य आहे. मी परत जायला तयार आहे. फक्त मला खिडकीत ठेवायला निहार हवा. आणि तुमच्यापैकी कोणी शिकायला दूर जाणार असेल, तर एवढं ऐका: सही पाठवू नका. घेऊन या.